वेळासला कॅम्परव्हॅन घेऊन: तीन रात्रींचा हिशेब

माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची, असं त्या दोन वर्षं म्हणत होत्या आणि दोन वर्षं मी टाळत होते. ती बघायला मिळतात त्या कोकणातल्या वेळास गावात लोकांच्या घरी राहण्याची सोय छान असते, पण मी चौकशी केली त्या घरांत गाद्या जमिनीवर आणि संडास परसात, तोही खाली बसायचा. आईंना ते शक्यच नाही. म्हणून या मार्चमध्ये पुण्यातून कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली. दिवसाला अकरा हजार, चालक त्यातच, डिझेल आपलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना लेखी कळवल्या आहेत.

आधी चांगलं सांगते. फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली गाडी, आत चौघांची झोपायची जागा, दोन बर्नरची शेगडी, फ्रिज, कमोड आणि छोटा शॉवर. ताम्हिणी घाट उतरून आम्ही माणगावला आलो, तोवर आई दोनदा कमोडला जाऊन आल्या होत्या आणि मधल्या वेळात चक्क आडव्या होऊन झोपल्या होत्या. प्रवासात बाईमाणसाला स्वच्छतागृह शोधत फिरावं लागतं, त्या भीतीने ती सकाळपासून पाणी पीत नाही. आई या वेळी वाटेत पोटभर पाणी प्यायल्या. माझ्यासाठी अर्धं भाडं तिथेच वसूल झालं.

म्हसळ्यावरून बागमांडल्याला गेलो. तिथून सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडली की पलीकडे वेसवी, म्हणजे रत्नागिरी जिल्हा. तिथे पहिला खोळंबा झाला. ओहोटी होती, धक्क्याचा उतार तीव्र, आणि या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे येतो. गाडी उतारावर घेतली तशी मागून खर्र आवाज आला. बोटीवरच्या माणसांनी हात करून थांबवलं, चाकांखाली फळ्या घातल्या, जमेना. शेवटी दोन बोटी सोडल्या आणि पाणी चढल्यावर तिसरीत गेलो. गाडी देताना भरती-ओहोटीचा शब्दही कुणी काढला नव्हता. ज्या कंपनीच्या जाहिरातीत कोकणचेच फोटो आहेत, तिला हे माहीत असायला हवं.

वेसवीहून बाणकोटमार्गे वेळास. बाणकोटचा किल्ला वाटेवरच आहे. इंग्रजांनी घेतल्यावर त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणायचे. वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. गावात शिरलं की दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि मधून जेमतेम एका गाडीचा रस्ता. आम्ही निम्म्यावर असताना समोरून एसटी आली. कंडक्टर खाली उतरले, आमच्या मागे जाऊन उभे राहिले आणि "येऊ दे, येऊ दे, डावी मार, बास" करत त्यांनी आम्हाला एका वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, मागे नेलं. डावा आरसा गडग्याला घासला. त्याचे दीड हजार अनामत रकमेतून कापले गेले, त्याबद्दल तक्रार नाही.

गाडी समुद्राला लागून उभी करा, बाहेरचे दिवे लावा, खुर्च्या टाका, असं कंपनीने सांगितलं होतं. वेळासला किनाऱ्यापर्यंत गाडी जात नाही, आणि जाऊही नये. रात्री मादी अंडी घालायला वर येते, तिला उजेड चालत नाही. पिल्लंसुद्धा उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. आम्ही एका घराच्या अंगणात जागा ठरवली होती. जेवणाचे आणि जागेचे पैसे त्या घरच्या काकूंना दिले, तेच बरोबर वाटलं.

विजेचे मात्र हाल झाले. घरच्या प्लगवर गाडीचा एसी लावला की काकूंच्या घराचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप व्हायचा. दोनदा त्यांच्या घरात अंधार केल्यावर मला लाज वाटली आणि एसी बंद ठेवला. मार्चची दमट रात्र, पत्र्याची गाडी. पहिल्या रात्री दोनला मी आणि हे अंगणातल्या खाटेवर येऊन झोपलो. आईंना पंखा पुरला.

सगळ्यात राग आला तो कमोडच्या टाकीवरून. कमोडखाली सरकवून काढायची पेटी असते, चार माणसांत ती दीड दिवसात भरते. कुठे रिकामी करायची म्हणून फोन केला, तर उत्तर आलं, "आडबाजूला कुठेही ओता." वाडीत विहिरी आहेत. ती माणसं तेच पाणी पितात. काकांनी त्यांच्या संडासात ओतायला परवानगी दिली आणि ह्यांनी रोज सकाळी ते काम केलं. गाडी भाड्याने देणाऱ्याने ही व्यवस्था आधी लावून द्यायलाच हवी, यात मी काही ऐकून घेणार नाही.

जेवण काकूंच्या हातचं. गाडीतल्या शेगडीवर आम्ही फक्त चहा केला. ओल्या काजूची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी, एका दुपारी उकडीचे मोदक. काजू सोलून सोलून काकूंच्या बोटांची सालं निघाली होती, तरी वाढताना हात आखडता नाही.

आणि कासवं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे काम सुरू केलं, गावाने ते उचलून धरलं. अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, पिल्लं यायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, त्यामुळे पिल्लं कधी येतील याची हमी कुणी देत नाही. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलून बघतात. आमच्या पहिल्या दोन वेळा टोपलीखाली नुसती वाळू. तिसऱ्या सकाळी काकूंच्या पुतण्याने आईंना दुचाकीवरून रस्ता संपेपर्यंत नेलं, पुढे वॉकर. ओली वाळू घट्ट असते, त्यावरून त्या चालत गेल्या. टोपली उचलली, तर खाली 23 पिल्लं. पेढ्याएवढी, काळी, अंगावर वाळू चिकटलेली. दोरीच्या पलीकडे सोडल्यावर वल्ह्यासारखे पाय मारत निघाली. एकाला लाटेने उलटं करून परत वाळूवर टाकलं. ते पाय हलवत राहिलं, पुढच्या लाटेने सरळ झालं. आई वॉकर धरून वाकल्या होत्या. "जा गं बाई, जा," एवढंच म्हणाल्या.

पाचपैकी तीन देते. घरात म्हातारं माणूस असेल तर गाडी जरूर घ्या, पण कमी लांबीची मागा, टाकी कुठे रिकामी करायची ते लिहून घ्या, एसी किती वीज ओढतो ते विचारा आणि गावात जागा आधी ठरवा. धक्क्यावर भरतीची वेळ बघूनच जा.

निघताना काकू म्हणाल्या, "आजी, पुढच्या वेळी घरातच राहा. आम्ही एक कमोड बसवून घेतो." मे महिन्यात त्यांचा फोन आला, बसवून झाला म्हणून. फेब्रुवारीअखेरच्या तारखा आईंनी त्याच फोनवर सांगून टाकल्या.