घोडा ठरवलात का? हिंदू-ज्यू लग्नाचं ॲप आणि भिंतीवरची दोन कॅलेंडरं, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

लग्नाला काही महिने उलटले, तरी त्या ॲपची सूचना परवा पुन्हा आली: ‘घोडा ठरवलात का?’

आमच्या लग्नात घोडा नव्हता. मी डोंबिवलीची, हिंदू घरातली. नवरा ठाण्याचा, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. दोन्हीकडची माणसं मराठीतच भांडतात आणि दोन्हीकडे आडनावाच्या शेवटी ‘कर’ आहे. ॲपमध्ये ‘हिंदू-ज्यू लग्न’ असा तयार आराखडा दिसला म्हणून वर्षाचे पैसे भरले आणि फेब्रुवारी 2025 पासून नोव्हेंबरपर्यंत ते इमानाने वापरलं. नाव सांगत नाही, कारण या धाटणीची बाकीची दोन-तीन ॲपंही चाळली आणि सगळ्यांचा नमुना एकच निघाला.

तो नमुना अमेरिकेतल्या जोडप्यासाठी आहे. त्यात हिंदूंचे सात फेरे आणि ज्यू नवरी नवऱ्याभोवती घालते त्या सात फेऱ्या जोडून ‘एकत्र विधी’ केलाय. कागदावर छान दिसतं. पण आमच्याकडे फेऱ्यांपेक्षा सप्तपदीचं महत्त्व, तांदळाच्या राशींवरून चालायची. आणि सासरच्या आजींनी नवऱ्याभोवती गरगर फिरणारी नवरी जन्मात पाहिलेली नाही. तो पूर्व युरोपातल्या ज्यूंचा रिवाज. उलट जे दोन्ही घरांत खरंच सारखं आहे, म्हणजे हळद, मेंदी, हिरवा चुडा, त्याची ॲपला गंधवार्ता नाही. मलिदा तर विचारूच नका. एलियाहू हानबी या प्रेषितांच्या नावाने प्रार्थना म्हणून गोड पोहे, खोबरं, सुका मेवा आणि फळं वाटतात, तो बेने इस्रायल घरातला पहिला मान. मी तो ‘इतर’ या रकान्यात टाकला.

तारीख काढायला ॲप पहिल्याच आठवड्यात कुचकामी ठरलं. मग भिंतीवर कालनिर्णय आणि त्याशेजारी हिबकॅल या संकेतस्थळावरून फुकट छापून घेतलेलं हिब्रू कॅलेंडर, अशी जोडी लागली. खरा अनुभव लिहायचाय तो या जोडीचा.

आईला अक्षय्य तृतीया हवी होती, 30 एप्रिल. पण 13 एप्रिलला पेसाह, म्हणजे ज्यूंचा वल्हांडण सण, सुरू झाला की दुसऱ्या दिवसापासून ओमेरचे 49 दिवस मोजतात, त्यात लग्न लावत नाहीत. ते संपून 2 जूनला शावुओत हा पुढचा सण. मग वाट मोकळी, असं वाटलं, तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गुरूचा अस्त आणि 6 जुलैला आषाढी, म्हणजे चातुर्मास. मध्ये जेमतेम चार-पाच दिवस, त्यात हॉल मिळेना. वाराचं तर नाटकच झालं. सासूबाई म्हणाल्या, मंगळवार सगळ्यांत चांगला, सृष्टीच्या तिसऱ्या दिवशी देवाने दोनदा ‘चांगलं आहे’ म्हटलंय. आई माझ्या कानात पुटपुटली, ‘मंगळवारी लग्न? बघ बाई.’ शनिवार शब्बाथचा, ज्यूंच्या विश्रांतीचा. उरला रविवार.

23 नोव्हेंबर ठरली आणि दोन्ही कॅलेंडरांवर पेनने गोल करताना नवरा थबकला. एकीकडे मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, दुसरीकडे किसलेव या हिब्रू महिन्याची 3 तारीख. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालतात आणि ऋतू घसरू नयेत म्हणून अधूनमधून एक महिना जास्तीचा घालतात, हे तेव्हा डोक्यात शिरलं. मग आम्ही मागे जाऊन पाहिलं, तर दसरा आणि योम किप्पूर, ज्यूंचा मोठ्या उपासाचा दिवस, एकाच दिवशी, 2 ऑक्टोबरला. आपली तिथीही दहावी, त्यांच्या महिन्याचाही दहावा दिवस. आई दसऱ्याला भर दुपारी आपट्याची पानं घेऊन ठाण्याला गेली. घराला कुलूप, सगळी मंडळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, पंचवीस तासांच्या उपासात. ती जिन्यात बसून राहिली, मग शेजाऱ्यांकडे पानं ठेवून परत आली. मी तिला आधी सांगायला हवं होतं. भिंतीवर दिसत होतं, पण मी फक्त नोव्हेंबरचं पान बघत होते.

या जोडीची खरी गोम दिवस कधी सुरू होतो यात आहे. आपला दिवस सूर्योदयाला सुरू होतो, त्यांचा आदल्या सूर्यास्तालाच. ॲप दोघांनाही रात्री बाराला नवा दिवस देतं. आमची हळद मी शनिवारी सकाळी ठेवली आणि सासरचं कोणीच आलं नाही, शब्बाथ. मेंदी मात्र त्याच रात्री, आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर सुरू केली, तेव्हा सगळे आले.

केतुबावरून, म्हणजे ज्यूंच्या विवाहकरारावरून, तर दोन आठवडे आधी धावपळ झाली. मिश्र लग्न असल्यामुळे सिनेगॉगमध्ये विधी होणार नाही, हे पहिल्याच भेटीत कळलं होतं. म्हणून केतुबा आम्ही आमच्यापुरता, मराठीत लिहून घेतला, 3 किसलेव 5786 अशी तारीख घालून. हुप्पा म्हणजे लग्नाचा छत, त्याखालचा विधी दिव्यांच्या उजेडात हवा म्हणून मी सात वाजता ठेवलेला. सासऱ्यांच्या धाकट्या भावाने कागद पाहिला आणि विचारलं, ‘सातला चौथी नाही का लागली?’ लागली होती. कागद चौकटीत बसलेला, म्हणून वेळ सव्वापाचवर आणली. त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. फोटोवाला खूश, दिवेवाला नाराज.

दिवसा भटजींनी धरलेला अंतरपाट आम्ही संध्याकाळी चार काठ्यांवर बांधून हुप्पा केला. त्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची एकही तक्रार आली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. गणपतीपूजन आणि देवक सकाळी आमच्या घरीच उरकलं, सासरच्या थोरल्यांना मूर्तीपुढे अवघडायला नको म्हणून. फेट्यामुळे पुरुषांची डोकी आपोआप झाकली गेली. ज्यूंना मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही; जेवण शाकाहारी, त्यामुळे श्रीखंडावर कोणाचा आक्षेप नाही. द्राक्षारसाच्या जागी त्यांच्या रिवाजाप्रमाणे मनुकांचं सरबत होतं, ते माझ्या आजोबांनी तीन पेले घेतलं.

कायद्याचं ॲपमध्ये अक्षरही नाही. दोघांनी धर्म न बदलता लग्न करायचं तर 1954 चा विशेष विवाह कायदा: जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं किमान 30 दिवस वास्तव्य, मग नोटीस, मग पुन्हा 30 दिवस थांबायचं, तीन साक्षीदार. आम्ही ऑक्टोबरमध्येच सह्या केल्या. आजी म्हणाली, ‘चातुर्मासात लग्न?’ मी म्हटलं, कागदावरचं आहे. तिने ते चालवून घेतलं.

ॲपला पाचपैकी दीड, तेही पाहुण्यांची यादी आणि खर्चाचा हिशेब नीट राहिला म्हणून. कॅलेंडरांच्या जोडीला साडेचार. अर्धा कापला तो दसऱ्याच्या जिन्यासाठी.

दोन्ही कॅलेंडरं अजून भिंतीवर आहेत, 2026 ची. यंदा आपल्याकडे 17 मेपासून अधिक ज्येष्ठ. त्यांचा जास्तीचा महिना 2027 मध्ये. त्यामुळे पहिला वाढदिवस तीनदा येतोय: 3 किसलेव 13 नोव्हेंबरला, साधी तारीख 23 ला, आणि तृतीया डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आई तिथीचाच धरणार म्हणते. सासूबाईंनी 13 नोव्हेंबरला शुक्रवार असल्याचं पाहून जेवण सूर्यास्ताआधी ठेवलंय. ॲपला फक्त 23 माहीत आहे.