बिडाचं आठ इंची पॅन आणि ओव्हनमधलं गरम चीज डिप : नऊ महिने वापरल्यावर

हे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं (कास्ट आयर्न) पॅन मी २०२५च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात घेतलं. आठ इंच व्यास, दोन इंचांहून थोडी कमी खोली, वजन दीड किलोच्या आसपास. न्यू जर्सीत आमचा सात-आठ घरांचा गोतावळा आहे. महिन्यातून एकदा कुणाकडे तरी सगळे जमतात, प्रत्येक घरून एकेक पदार्थ येतो, आणि माझ्याकडे दोन वर्षांपासून पालक-आर्टिचोकचं (आर्टिचोक म्हणजे भाजीसारखी खाल्ली जाणारी एक काटेरी कळी) गरम डिप आहे. दिवाळीपासून आजवर या पॅनमध्ये ते सतरा वेळा झालं. प्रत्येक वेळचं प्रमाण आणि काय बिघडलं ते वहीत लिहिलेलं आहे, त्यावरूनच हे लिहिते आहे.

आधी निकाल सांगून टाकते. पॅन घेण्यासारखं आहे. मात्र मी ज्या कारणासाठी घेतलं होतं ते कारण फारसं खरं ठरलं नाही, आणि ज्याचा विचारही केला नव्हता त्या कारणासाठी ते आता रोज हाताशी असतं.

या डिपचा जीव गरमपणात आहे. ओव्हनमधून बाहेर येतं तेव्हा कडेला बुडबुडे, वर सोनेरी डाग, ब्रेडचा तुकडा बुडवला की तार सुटते. वीस-पंचवीस मिनिटांनी तेच डिप थिजायला लागतं आणि मग चिप्स आत जाताना मोडतात. आमच्याकडे पाहुणे एकदम येत नाहीत. कुणी साडेसहाला, कुणी मुलांचा क्लास आटपून आठला. उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला कायम थिजलेला गोळा यायचा आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं. बीड उष्णता धरून ठेवतं असं सगळीकडे वाचलं होतं, म्हणून काचेचं भांडं बाजूला ठेवून हे आणलं.

नोव्हेंबरमध्ये थर्मामीटर लावून पाहिलं. तेच मिश्रण, तितकंच, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन भांड्यांत. ओव्हनमधून काढताना मध्यभागी साधारण १६५ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस. अर्ध्या तासाने बिडात १२५, जाड काचेत १२०, आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या ट्रेमध्ये शंभराच्याही खाली. म्हणजे काच आणि बीड यांत नाव घेण्यासारखा फरक नाही. आता विचार केला की त्यात नवल वाटत नाही, कारण खरी उष्णता असते ती डिपमध्येच, भांडं तिला थोडा आधार देतं एवढंच. त्यातही पसरट भांड्यापेक्षा खोलगट भांड्यात डिप जास्त वेळ सैल राहतं, मग ते कशाचंही असो. फॉइलचा ट्रे मात्र माझ्या मते या पदार्थासाठी वापरूच नये.

मग पॅनचा फायदा काय? ते पुन्हा गॅसवर ठेवता येतं! काचेचं भांडं थेट आचेवर चालत नाही, ब्रॉयलरखाली (ओव्हनमधल्या वरून येणाऱ्या कडक आचेखाली) तर मुळीच नाही, आणि गरम काच ओल्या ओट्यावर टेकवली तर तडकते. एका मैत्रिणीकडे हे डोळ्यांदेखत झालं आणि अख्खं डिप टाकून द्यावं लागलं. बिडाचं पॅन गॅसवरून ओव्हनमध्ये, तिथून ब्रॉयलरखाली, मग टेबलावर आणि थिजलं की परत गॅसवर जातं. आठ वाजता आलेल्या पाहुण्यांसाठी मी पॅन उचलते, दोन चमचे दूध घालते, अगदी मंद आचेवर चार मिनिटं ठेवते आणि तळापासून हलवते. डिप पुन्हा वाहतं होतं. यंदा ८ फेब्रुवारीला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, संध्याकाळी हे तीनदा केलं. सामना साडेसहाला सुरू झाला, आणि शेवटच्या पाव्हण्यानेही तार ओढत खाल्लं. (डिप बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा इथल्या कृषी खात्याचा नियम मी पाळते. उन्हाळ्यात अंगणात पारा नव्वद फॅरेनहाइटच्या वर असेल तर एकच तास.)

दुसरा फायदा कामाच्या क्रमाचा. पूर्वी लसूण एका कढईत, पालक दुसऱ्या पातेल्यात, मिश्रण तिसऱ्या वाडग्यात आणि मग भाजायचं भांडं वेगळं. आता सगळं यातच होतं. चमचाभर बटरवर चार-पाच लसूणपाकळ्या बारीक चिरून परतायच्या, लाल होऊ द्यायच्या नाहीत. फ्रोझन पालकाचं दहा औंसांचं पाकीट, म्हणजे २८३ ग्रॅम, आधी पूर्ण वितळवून फडक्यात घट्ट पिळून घ्यायचं. मी जुन्या पंचाचा तुकडा खास त्यासाठी ठेवला आहे. पिळून झाल्यावरही पालक पॅनमध्ये तीन-चार मिनिटं कोरडा करायचा. सतरापैकी ज्या चार वेळा डिप पाणचट झालं, त्या चारही वेळा मी घाईत हेच टाळलं होतं. मग डब्यातलं आर्टिचोक, पाण्यातलं, निथळून आणि चिरून. तेलातलं मसालेदार आर्टिचोक घेऊ नका, त्याचा आंबटपणा वरचढ होतो.

आच बंद करून आठ औंस (२२६ ग्रॅम) क्रीम चीज घालते. ते फ्रिजमधून तासभर आधी काढलेलं हवं, नाहीतर गुठळ्या राहतात. अर्धा कप सावर क्रीम, दीड कप किसलेलं चीज, मिरपूड, जायफळ नखभर. मेयोनेज मी घालत नाही, कारण आमच्यातली दोन घरं अंडं खात नाहीत आणि मेयोनेजवाचून काही अडत नाही. वरून अर्धा कप चीज, आणि ३७५ फॅरेनहाइटवर, म्हणजे १९० सेल्सियसवर, वीस ते बावीस मिनिटं. शेवटची दोन मिनिटं ब्रॉयलर, तेव्हा ओव्हनसमोरून हलायचं नाही.

क्रीम चीजबद्दल थोडं. १८७०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधव्यावसायिकाने ते बाजारात आणलं आणि १८८०मध्ये त्याला फिलाडेल्फिया हे नाव चिकटलं. ते चीज फिलाडेल्फियाचं मुळीच नाही, त्या शहराच्या लोण्या-चीजचा दबदबा होता म्हणून नाव घेतलं. इथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३३ टक्के स्निग्धांश लागतो, आणि डिप ओव्हनमध्ये फाटत नाही ते बरंचसं त्यामुळेच. ‘नूशातेल’ नावाचं कमी स्निग्धांशाचं चीज दोनदा वापरून पाहिलं. चवीला ठीक, पण थोडं सैल होतं आणि दुसऱ्यांदा गरम केल्यावर कडेने पाणी सुटलं. पुण्यात बहिणीने क्रीम चीजऐवजी चक्का घातला, त्याचं पहिल्यांदा पार पाणी-पाणी झालं. पुढच्या वेळी तिने चक्क्यात चार चमचे साय आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर फेटून घेतलं, तेव्हा जमलं. पनीर घालायचं तर तुकडे म्हणून घाला. आंबटाने फाडलेलं असल्यामुळे ते वितळत नाही.

किसलेल्या चीजवर मी सर्वांत जास्त प्रयोग केले आणि माझं मत आता पक्कं आहे: वडी आणा, घरी किसा. पाकिटातल्या किसाला तो एकमेकांना चिकटू नये म्हणून बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं. वितळल्यावर वरचा थर एकसंध न होता धागे सुटे दिसतात आणि तोंडात बारीक रवाळपणा लागतो. घरी किसायला पाच मिनिटं लागतात. कुठलं चीज, हेही महत्त्वाचं. जुनं, मुरलेलं चेडर एकट्याने वापरलं की तूप सुटतं. चीज जितकं मुरतं तितकं त्यातल्या प्रथिनांचं जाळं तुटत जातं, मग उष्णतेत ते स्निग्धांश धरून ठेवू शकत नाही. माझं प्रमाण असं ठरलं आहे: अर्धं मॉन्टेरे जॅक, पाव मोझरेला तारेसाठी, पाव जुनं चेडर चवीसाठी, आणि किसावर एक चमचा कॉर्नफ्लोअर भुरभुरून. तूप सुटणं थांबलं.

शाकाहारी घरांसाठी आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. खरं पार्मिजानो-रेजानो (इटलीचं अस्सल पार्मेसान चीज) वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध जमवणाऱ्या एन्झाइमनेच, करतात, त्या चीजच्या नियमातच तसं आहे. मी वर्षभर ते बिनधास्त डिपवर भुरभुरत होते आणि आमच्या एका काकू ते खात होत्या. कळल्यावर मी त्यांना फोन करून सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, पण तेव्हापासून वेष्टनावर सूक्ष्मजीवजन्य रेनेट किंवा शाकाहारी एन्झाइम असं लिहिलेलं असेल तरच चीज घेते. जॅक, मोझरेला, चेडर या तिन्हींत तसे पर्याय सहज मिळतात.

आता पॅनचे दोष. दांडा. ओव्हनमधून निघालेला दांडा पाऊण तास तरी चटका देतो आणि बघून ते कळत नाही. डिसेंबरात टेबलावरचं पॅन सरकवायला गेले आणि तळहात भाजला. आता ओव्हनमधून काढल्याक्षणी दांड्यावर जाड कापडी टोपी चढते आणि दांडा भिंतीकडे वळवला जातो. लहान मुलं असलेल्या घरी मी हे टेबलावर ठेवतच नाही, वाटीत काढून देते. खाली लाकडी पाट लागतो, साध्या प्लास्टिकच्या मॅटवर ठेवाल तर ती वितळेल.

दुसरा दोष आंबटाचा. संक्रांतीच्या सुमारास टोमॅटो आणि हालापिन्यो मिरची घालून डिप केलं आणि उरलेलं पॅनमध्येच रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी त्याला लोखंडी चव आणि करडा रंग आला होता, शिवाय पॅनवरचा, तेल तापून बसलेला काळा थर दोन ठिकाणी उडाला. आर्टिचोकच्या डब्यातही सायट्रिक आम्ल असतंच. म्हणून उरलंसुरलं त्याच रात्री काचेच्या डब्यात जातं, झोप आली असली तरी. टोमॅटोचं डिप आता मी मातीच्या झिलईदार भांड्यात करते.

तिसरा दोष साफसफाईचा, आणि पहिल्या चार महिन्यांत त्यानेच मला सर्वांत थकवलं. कडेला भाजून चिकटलेलं चीज निघता निघत नसे. पॅन तेल चढवून आलेलं असलं तरी तो थर कोवळा होता. भिजत ठेवलं की गंज, घासलं की थर जाई.

मार्चमध्ये आई आली, रत्नागिरीहून. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्या टाकल्या तिने पॅन उचलून पाहिलं, बोटाची टिचकी मारली आणि म्हणाली, “अगं, हे बीडच की! आणि असं रुक्ष काय ठेवलंयस?” मी इतके दिवस इंग्रजीतल्या सूचना वाचत होते आणि आमच्या घरच्या आंबोळ्यांच्या तव्याशी याचा संबंध जोडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अर्धा कांदा काट्याला टोचला, तेलात बुडवला, तापल्या पॅनवर गोल गोल फिरवला आणि घावन घातले. पहिले दोन चिकटले, तिसरा अलगद सुटला. मग ती होती तोवर, म्हणजे सहा आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी या पॅनवर घावन किंवा आंबोळ्या झाल्या. पॅन ओलं सोडायचं नाही, धुतल्याबरोबर आचेवर कोरडं करायचं आणि गरम असतानाच तेलाचा हात फिरवायचा, हे तिने रोज करून दाखवलं. एप्रिलमधल्या पार्टीनंतर कडेचं चीज लाकडी उलथन्याने पापुद्र्यासारखं निघून आलं. आईने तो पापुद्रा खाल्ला आणि डिपपेक्षा हाच चांगला म्हणाली. आमच्याकडे आता त्यावरून मुलांची मारामारी असते.

थोडा साबण चालतो, मी वापरते. भिजत मात्र ठेवू नका, डिशवॉशरमध्ये अजिबात नको. काचेच्या शेगडीवर सरकवू नका, उचलून ठेवा. इंडक्शनवर उत्तम चालतं.

आकाराबद्दल विचाराल तर आठ इंचात वरचं सगळं प्रमाण काठोकाठ मावतं आणि आठ-दहा माणसांना पुरतं. उकळून ओव्हनमध्ये सांडू नये म्हणून खाली एक ट्रे ठेवा. पंधरा माणसं असली तर दहा इंची घेण्याऐवजी आठ इंची दोन घ्या, असं मी सुचवेन. एक टेबलावर, एक ओव्हनबाहेर थांबलेलं, कच्चं भरून तयार. पहिलं संपत आलं की दुसरं आत. दहा इंची पॅन भरलं की एका हाताने उचलवत नाही, माझं मनगट तर साफ नाही म्हणतं.

दुसरं पॅन मी मेमध्ये घेतलं. त्यावर अजून एकदाही चीज घातलेलं नाही. श्रावण लागेपर्यंत त्यात फक्त घावन होतील, दिवाळीला ते पहिल्यांदा ओव्हनमध्ये जाईल.