साखळीतलं माजी सैनिकांचं केंद्र: आईचं पेन्शन आणि मुलाची भरती

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुणाचं काम कुठल्या कचेरीत अडलंय हे मला बसल्या जागी कळतं. माणूस तोच कागद पुन्हा घेऊन आला की ओळखायचं, वरून परत आलाय. माजी सैनिकांच्या या केंद्राबद्दल मी आधी अशाच गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. मग आमचे बाबा गेले, आईचं फॅमिली पेन्शन अडकलं, आणि त्याच सुमाराला आमच्या चिरंजीवांनी अग्निवीर व्हायचं मनावर घेतलं. त्यामुळे या केंद्राची दोन्ही कामं, टेबलावर पेन्शनचे कागद सोडवणं आणि मैदानावर पोरांना भरतीसाठी तयार करणं, जवळून बघायला मिळाली. केंद्राचं नाव लिहू नको, जाहिरात केल्यासारखं दिसेल, असं तिथल्या सुभेदार साहेबांनी बजावलंय. साखळीत कुणालाही विचारा, दाखवतील.

बघायला गेलं तर काहीच नाही. भाड्याची एक खोली, दोन टेबलं, एक गोदरेजचं कपाट, भिंतीवर शिवाजी महाराज. चालवणारे सगळे निवृत्त: कुणी मराठा लाइट इन्फंट्रीचे, कुणी सिग्नल्सचे (सैन्याच्या संदेशवहनातले), एक नौदलातले चीफ साहेब. गोव्यात सैन्य दिसतं भरपूर. बांबोळीला सिग्नल्सचं प्रशिक्षण केंद्र, नावेलीला ट्रेनिंग रेजिमेंट, दाबोळीला नौदलाचा हवाई तळ आयएनएस हंसा. पण सैन्यात गेलेला गोंयकार मात्र शोधावा लागतो. आमच्या डिचोली-सत्तरीकडे तर पोरगा मोठा झाला की खाणीवर, ट्रकवर नाहीतर सरकारी नोकरीत, असाच हिशेब होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि हिशेब बिघडला. केंद्राच्या मैदानावर आज जी पोरं धावतात त्यांत ट्रकवाल्यांची पोरं बरीच आहेत.

आधी टेबलाबद्दल, कारण खरं काम तिथे होतं.

बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते गेल्यावर बँकेच्या एका शाखेत आम्ही कागद दिले, आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं: ‘वर पाठवलंय.’ वर म्हणजे कुठे, हे सांगायला कुणी तयार नाही. शेवटी एका रविवारी आईला घेऊन केंद्रात गेले. चीफ साहेबांनी बाबांचा पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, टेबलावर पसरला, नावाच्या ओळीखाली स्टीलची पट्टी ठेवली आणि आईचं आधार कार्ड शेजारी धरून एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला थांबले. पेन्सिलने गोल केला. म्हणाले, ‘वहिनी, फौजेच्या दप्तरात तुम्ही अजून माहेरच्याच आहात.’

झालं होतं ते असं. गोव्यात लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावंच लागतं, आणि त्या नोंदीत आईचं माहेरचं नाव आहे. बाबांनी पलटणीत तोच दाखला दिला. आधार, बँक, रेशन कार्ड, सगळं सासरच्या नावाने. आमच्याकडे लग्नात पहिलं नावसुद्धा बदलतात, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी या दोन बायका झाल्या. ही गाठ त्या शाखेत कुणालाच दिसली नाही. इथे पट्टी ठेवल्यावर लगेच दिसली.

मग त्यांनी यादी करून दिली: डिचोलीहून लग्नाच्या नोंदीचा ताजा दाखला, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, बाबांचं डिस्चार्ज बुक (फौजेतून निवृत्त होताना मिळतं ते), मृत्यू दाखला, आधार, पॅन. फाइल आधी बेळगावला, मराठा रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. तिथे पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंद बदलल्याचा फौजेचा आदेश, निघून नाव दुरुस्त होतं, आणि त्यानंतरच प्रयागराजच्या पेन्शन कचेरीतून दुरुस्त पीपीओ येतो. ही सगळी वाट मला बँकेत कुणी समजावली असती तर मी चोर्ल्याचा घाट चढून स्वतः बेळगाव गाठलं असतं. तेही करावं लागलं नाही. केंद्रातलेच एक निवृत्त नायक आपल्या कामासाठी बेळगावला चालले होते, ते फाइल हातोहात देऊन पोच घेऊन आले. चवथीच्या आधी फाइल गेली, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास थकबाकीसकट पैसे जमा झाले. हा वेळ कमी नाही, पण दर पंधरवड्याला चीफ साहेबांचा फोन यायचा, काही हललं नसलं तरी. ‘वहिनी, अजून काही नाही, पण मी विसरलो नाही.’

पैसे आल्यावर आईने हिशेब घातला आणि रुसली. बाबांना मिळायचं त्यापेक्षा कमी का? सुभेदार साहेबांनी तिला समोर बसवून सांगितलं. पेन्शन शेवटच्या पगाराच्या ५० टक्के असतं, फॅमिली पेन्शन ३० टक्के. जवान निवृत्तीनंतर लवकर गेला तर काही काळ वाढीव दराने मिळतं, पण त्याला त्याच्या वयाच्या ६७ वर्षांपर्यंतची मर्यादा आहे, आणि बाबा त्यापुढे गेले होते. महागाई भत्ता वर मिळतोच. आईला पटलं असं नाही, पण कुणी फसवत नाहीये एवढं समजलं.

नोव्हेंबरमध्ये या खोलीत पाय ठेवायला जागा नसते, कारण बहुतेकांच्या हयातीच्या दाखल्याचा तोच महिना. आता पेन्शन ‘स्पर्श’ या ऑनलाइन व्यवस्थेतून येतं आणि दाखला फोनवर चेहरा दाखवून होतो. सांगायला सोपं आहे. फोन म्हणतो डोळे मिचकावा, आणि आमची आई फोनकडे अशी टक लावून बघते की पापणी हलेल तर शपथ. एक तरुण पोरगी, कुणा निवृत्त जवानाचीच मुलगी, प्रत्येक आजीसमोर फोन धरून ‘आता मिचकाव, आता मिचकाव’ करत उभी असते. त्या दिवशी पेडण्याहून कदंबच्या बसने आलेली एक मावशी भेटली. तिला नवरा गेल्यावर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, वेगळं कार्ड करावं लागतं हेच माहीत नव्हतं, म्हणून औषधं स्वतःच्या पैशांनी घेत होती. ही योजना २००३ पासून आहे. योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे दवाखान्यात, आधी दाखवायचं, तिथून रेफरल घेऊन यादीतल्या हॉस्पिटलात जायचं, हे तिला त्याच टेबलावर कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत.

बारावीच्या निकालानंतर टेबलावर गर्दी बदलते, तरुण चेहरे येतात. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना आहे: मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००. बारावीला किमान ६० टक्के हवेत आणि अभ्यासक्रम व्यावसायिक हवा. बी.फार्म., इंजिनीअरिंग, बी.एड. चालतं, साधं बी.ए., बी.एस्सी. चालत नाही. एका मुलाला, तू बसत नाहीस, असं त्यांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. मला हे आवडलं. नाहीतर त्या पोराने माझ्याच दुकानात पन्नास कागद झेरॉक्स केले असते.

टेबलाची फी शून्य. कोपऱ्यात एक डबा असतो, चहाचे पैसे टाका नाहीतर टाकू नका.

आता मैदान. सकाळी साडेपाचला शिट्टी. १.६ किलोमीटरची धाव, बीमवर पुलअप, ९ फुटांचा खड्डा, सगळं भरतीत असतं तसंच. हवालदार मास्तर पोरांना ओरडतात जरूर, पण कुणाच्या गुडघ्याला सूज दिसली की त्याला धावू देत नाहीत, सायकल चालवायला लावतात. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो म्हणून पोरं केरीच्या रस्त्यावर काळोखात धावायची. आम्ही आयांनी आरडाओरडा केल्यावर चमकणारे पट्टे आले. आमच्या मुलाला सुरुवातीला दोन पुलअप धड होत नव्हते. आता दहा मारतो आणि घरी येऊन दाखवतो, दाराच्या चौकटीला लटकून.

नाव घालताना पालकांना बोलावतात, तो प्रकार मला सगळ्यात प्रामाणिक वाटला. सुभेदार साहेबांनी देशभक्तीवर एक शब्द काढला नाही. म्हणाले, अग्निवीर म्हणजे चार वर्षं. त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे ठेवतात. बाकीचे साधारण ११ लाख ७१ हजारांचा सेवा निधी घेऊन घरी येतात आणि त्यांना पेन्शन नाही. ‘चार वर्षांनी पोरगा परत आला तर काय करणार, ते आज जेवताना बोला.’ दोन पालक उठून गेले. आम्ही बोललो, आमच्या ह्यांचं आणि माझं अजून एकमत नाही.

मात्र वर्ग कच्चा आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. २०२३ पासून भरतीत आधी ऑनलाइन परीक्षा होते. ती पास झाल्याशिवाय मैदान दिसतच नाही. गोव्याची पोरं कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतात, म्हणजे स्पर्धा सातारा-सांगलीच्या पोरांशी, जी अकादमीत राहून दिवसभर हेच करतात. जनरल ड्युटीचा, म्हणजे साध्या शिपाई पदाचा, पेपर ५० प्रश्नांचा, वेळ एक तास, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापतात. आणि केंद्रात याची तयारी आठवड्याला एकदा, कोल्हापूरहून आणलेल्या मराठी गाइडवरून. २०२५ पासून परीक्षा मराठीतून देता येते हे खरं. पण गोव्यातली पोरं पाचवीपासून गणित इंग्रजीत शिकतात. त्यांच्या हातात मराठी गणिताचं पुस्तक दिलं की निम्मा वेळ प्रश्न काय विचारलाय हे समजण्यात जातो. सामान्य ज्ञानाचं गाइड तर इतकं जुनं की त्यातले मंत्री कधीच माजी झालेत. आमचा मुलगा याच पेपरात राहिला, धावण्यात नाही. त्याच्याबरोबरची बरीचशी तिथेच राहिली.

मुलींचंही अवघड आहे. महिला मिलिटरी पोलीससाठी त्यांची धाव तेवढीच, १.६ किलोमीटर, वेळ वेगळी, शिवाय लांब उडी नि उंच उडी. येतात मोजक्याच, आणि कपडे बदलायला जागा नाही म्हणून त्यातल्याही गळतात. पंचायतीकडे पत्र दिलंय म्हणतात. ज्यांनी बेळगाव-प्रयागराज हलवलं त्यांना पंचायत हलत नाही, हे मला पटत नाही.

बाकी गावासाठीचं काम थोडक्यात. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीत घरं पडली तेव्हा यातले सहा-सात जण दोर आणि जेवणाचे डबे घेऊन गेले होते. हे मला त्यांनी नाही, वाळपईच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीचे डबे घेऊन बाजारात फिरतात. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, शाळांत भाषणं करतात, ती फार लांबतात. कारगिलला प्रत्यक्ष असलेला माणूस दहा मिनिटं बोलला तरी पोरं ऐकतील, पण माइक त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा मधली सुट्टी झालेली असते. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सुप्रभातचे इतके फोटो येतात की मैदान बंद असल्याचा निरोप त्यात बुडतो. त्यासाठी वेगळा ग्रुप करा, साहेब.

जाणाऱ्यांसाठी: टेबल रविवारी सकाळी दहा ते एक. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, आणि नवरा गेला असेल तर मृत्यू दाखला, सगळं मूळ आणि दोन-दोन प्रती. लग्नाची नोंद जुनी असेल तर आधी डिचोलीला जाऊन ताजा दाखला काढा, तुमचा एक महिना वाचेल. मैदानाची फी महिन्याला ३०० रुपये, माजी सैनिकांच्या मुलांना माफ. परीक्षेची तयारी तूर्त बाहेर करा. आमचा मुलगा सकाळी इथे धावतो आणि संध्याकाळी डिचोलीला गणिताच्या क्लासला जातो, तिथली फी याच्या चौपट आहे. निवृत्त मास्तर आपल्या गावात कमी नाहीत. एखाद्याने आठवड्यातून तीन संध्याकाळी इथे इंग्रजीतून गणित शिकवायचं मनावर घेतलं तर खोली आणि फळा द्यायला सुभेदार साहेब तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स माझ्याकडून.