पहिली भाड्याची सदनिका एलएलपीच्या नावाने: नागपुरातील एका सल्लागार कार्यालयाची सेवा

काटोलजवळची वडिलोपार्जित संत्र्याची बाग विकल्यावर हाती आलेल्या पैशातून भाड्याने देण्यासाठी एक सदनिका घ्यावी, असे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवले. दोघांच्या नावे सरळ विक्रीपत्र करण्याऐवजी आम्ही मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी (जिच्या देण्यांसाठी सहसा भागीदारांच्या खासगी मालमत्तेला हात लागत नाही), स्थापन केली आणि २०२५ मध्ये तिच्या नावाने मनीषनगरमधील एक टू बीएचके सदनिका ४६ लाख रुपयांना घेतली. एलएलपीच्या नोंदणीपासून सदनिकेच्या नोंदणीपर्यंतचे सारे काम धंतोलीतील एका सल्लागार कार्यालयाने केले. केलेल्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांनी आम्हाला न विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल, आणि तेवढ्यासाठी त्यांचे नाव येथे घेणे मला योग्य वाटत नाही.

ही कल्पना आमच्या डोक्यात घातली ती अमेरिकेत राहणाऱ्या मावसभावाने. तिकडे भाड्याची घरे एलएलसी या मर्यादित दायित्वाच्या प्रकारातील कंपनीच्या नावाने घेण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे. वायोमिंग राज्याने १९७७ मध्ये असा पहिला कायदा केला. आपल्याकडे एलएलसी नाही. तिच्या सर्वांत जवळची रचना म्हणजे २००८ च्या कायद्यातील एलएलपी, असे कार्यालयातील सीए साहेबांनी पहिल्याच भेटीत सांगितले, आणि ते बरोबरच होते. तिला किमान दोन भागीदार लागतात, आम्ही दोघे होतोच.

नोंदणीचे काम त्यांनी अतिशय नेटके केले. डिजिटल स्वाक्षऱ्या, नावाचे आरक्षण, स्थापनेचा अर्ज, पॅन आणि चालू खाते या सगळ्यासाठी आम्हाला कार्यालयात केवळ दोनदा जावे लागले. पहिले नाव आधीच्या एका कंपनीच्या नावाशी मिळतेजुळते असल्याने नाकारले गेले, तेव्हा दुसरे नाव त्यांच्याकडे तयार होते. स्थापनेनंतर ३० दिवसांत भागीदारी करार दाखल करावा लागतो. तो त्यांनी बाराव्या दिवशी दाखल केला.

हा करार म्हणजे त्यांच्या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. भागीदाराचा मृत्यू झाला तर काय, या कलमावर त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून जवळपास दीड तास चर्चा केली. बहीणभावांत असा विषय कोणी सहजासहजी काढत नाही, आणि म्हणूनच पुढे वाद होतात. एलएलपी भागीदाराच्या मृत्यूने संपत नाही आणि सदनिका तिच्याच नावावर राहते. वारसांना मिळतो तो त्या भागीदाराच्या हिश्शाचा मोबदला. तो कसा ठरवायचा, किती महिन्यांत द्यायचा, मूल्यांकन कोणाकडून करून घ्यायचे, हे सारे करारात स्वच्छ मराठीत लिहिले आहे. एकच भागीदार उरला आणि तसाच व्यवहार सहा महिन्यांहून अधिक काळ चालू राहिला तर मर्यादित दायित्वाचे संरक्षण जाते, हे सांगून त्यांनी माझ्या भावजयीला तिसरी भागीदार करायला सुचवले. तिचा नफ्यातील वाटा केवळ एक टक्का आहे, पण त्या एका टक्क्याने मला निर्धास्त केले.

विक्रीपत्राच्या दिवशीही त्यांचा माणूस दुय्यम निबंधक कार्यालयात आमच्यासोबत होता. मसुद्यात खरेदीदाराच्या नावापुढे ‘एलएलपी’ हे शब्द एका ठिकाणी गळले होते. त्याने प्रत्येक पानावरून बोट फिरवत मसुदा पुन्हा वाचला, चूक दाखवली आणि नोंदणी अर्धा तास थांबवली. विक्रेते वैतागले. परंतु हीच चूक इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणीच्या अधिकृत उताऱ्यात, उतरली असती तर नंतर चूकदुरुस्ती पत्रासाठी त्यांचीच पुन्हा मनधरणी करावी लागली असती. भावाला सहीचा अधिकार देणारा भागीदारांचा ठरावही त्याच्या पिशवीत तयार होता. नोंदणी शुल्क एक टक्का असले तरी त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे, त्यामुळे तेवढेच लागले.

आता तक्रारीकडे येते. हीच सदनिका स्वतःच्या नावाने घेतली तर कर किती पडेल, हा तो न विचारलेला प्रश्न. सदनिका एम्समधील एका डॉक्टर दांपत्याला दरमहा १८,००० रुपये भाड्याने दिली आहे. वर्षाचे २,१६,००० रुपये होतात. त्यातून महापालिकेचा ९,००० रुपयांचा मालमत्ता कर आणि उरलेल्या रकमेवरील ३० टक्के प्रमाणित वजावट काढली की १,४४,९०० रुपये करपात्र राहतात. एलएलपीला उत्पन्नाचे टप्पे नाहीत, सवलतीची मर्यादा नाही; पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर. म्हणजे सुमारे ४५,२०० रुपये. मी निवृत्त शिक्षिका आहे, भावाचे औषधांचे दुकान आहे, आणि दोघांचेही उत्पन्न भाड्याचा वाटा धरूनसुद्धा १२ लाखांच्या आत आहे. सदनिका आमच्या नावावर असती, तर नव्या करप्रणालीत या भाड्यावर आम्हाला एक रुपयाही कर पडला नसता. अमेरिकेतील एलएलसीचे उत्पन्न, तिने वेगळा पर्याय निवडला नसेल तर, मालकांच्या स्वतःच्या विवरणपत्रात जाते. आपली एलएलपी स्वतः कर भरते आणि भागीदारांचा नफ्यातील वाटा त्यानंतर करमुक्त असतो. मावसभावाचा सल्ला त्याच्या देशात खरा होता. येथे काय होईल, ते सांगणे हे सल्लागाराचे काम होते.

दुसरी गोष्ट लेखापरीक्षणाची. भागीदारांचे भांडवल २५ लाखांच्या वर गेले की ते करून घ्यावे लागते. आम्ही सगळी रक्कम भांडवल म्हणूनच भरली, कारण तसे भरायला सांगितले गेले. काही भाग भागीदारांनी दिलेले कर्ज म्हणून दाखवता आला असता, हे मला नंतर दुसऱ्या सीएकडून कळले. मे अखेरचे वार्षिक विवरण, ऑक्टोबर अखेरचे हिशेबपत्र आणि लेखापरीक्षण मिळून वर्षाला १८,००० रुपये जातात, म्हणजे बरोबर एका महिन्याचे भाडे.

आणि ज्या मर्यादित दायित्वासाठी हे केले, त्याचे काय? आम्ही आधी बँकेत चौकशी केली होती. गृहकर्ज व्यक्तीला मिळते. एलएलपीला व्यावसायिक दराने कर्ज द्यायची त्यांची तयारी होती आणि भागीदारांची वैयक्तिक हमी मागितली होती. हमी दिल्यावर त्या कर्जापुरते दायित्व मर्यादित कसले राहते? आम्ही कर्ज घेतलेच नाही, म्हणून तो प्रश्न सुटला. मात्र आता सदनिका स्वतःच्या नावावर आणायची तर नवे हस्तांतरण पत्र आणि पुन्हा मुद्रांक शुल्क आलेच. म्हणून एलएलपी आहे तशीच ठेवली आहे.

हा सगळा हिशेब मी कागदावर मांडून कार्यालयात घेऊन गेले. सीए साहेबांनी तो शांतपणे तपासला, बरोबर असल्याचे मान्य केले आणि पहिल्या वर्षाचे लेखापरीक्षणाचे शुल्क माफ केले. त्यांचे काम मी काढून घेतलेले नाही. गेल्या महिन्यात माझ्या चुलत बहिणीला मी त्यांच्याकडेच पाठवले. तीही एलएलपीचे ठरवूनच गेली होती. या वेळी त्यांनी कोणताही अर्ज पुढे करण्याआधी तिच्यासमोर दोन रकान्यांचा एक कागद ठेवला, एका बाजूला एलएलपी आणि दुसऱ्या बाजूला तिचे स्वतःचे नाव, आणि प्रत्येक ओळीत कराची, शुल्काची व मुद्रांकाची रक्कम. बेसा येथील सदनिका तिने स्वतःच्या एकटीच्या नावाने घेतली, आणि महिलांसाठीची मुद्रांक शुल्कातील एक टक्क्याची सवलतही तिला मिळाली.