बेटावरून बेटावर: विमानतळांमधलं अंतर सांगणारं ॲप, काही महिने वापरून

दादरला घरूनच मी कुटुंबांच्या सहली आखून देते. हल्ली मागणी बेटांची, त्यातही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायची. त्यासाठी हे मोफत ॲप पावसाळ्यापासून वापरतेय. दोन विमानतळ टाकायचे, की अंतर आणि उड्डाणाचा वेळ समोर येतो.

अंतराला पैकीच्या पैकी गुण. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारा सर्वांत जवळचा मार्ग ते धरतं. कोलंबो ते माले सुमारे 775 किमी, मॉरिशस ते रियुनियन सुमारे 230, बालीचं देनपसार ते लोंबोक 120 च्या आसपास. आकडे मी पडताळून पाहिलेत, चोख आहेत.

वेळेचं गणित मात्र कच्चं आहे. अंतराला ताशी 800 किमीने भागायचं आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे लोंबोक 9 मिनिटांवर येतं! वेळापत्रकात तिथे पाऊण तासाच्या आसपास धरलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरणं यातच बहुतेक वेळ जातो. रियुनियनला जाणारी एटीआर विमानं तर लहान, पंख्याची, ताशी 500 किमीच्या आसपास उडणारी. 300 किमीच्या आतल्या प्रवासात ॲपची वेळ मी बघतसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त घोळ कोलंबो–मालेचा. मालदीवचं घड्याळ श्रीलंकेच्या, म्हणजे आपल्याही, अर्धा तास मागे. ॲप स्थानिक वेळ दाखवतच नाही. तिकिटावर जाताना तासाभराचा प्रवास दिसतो, येताना दोन तासांचा. ठाण्याच्या एका काकूंनी विचारलं, "येताना वारा उलटा असतो का गं?" वारा नाही काकू, घड्याळ! विमानात दोन्ही वेळा साधारण दीड तासच बसायचं असतं. हा अर्धा तास क्षुल्लक नाही. मालेहून रिसॉर्टला नेणारी सी-प्लेन फक्त उजेडात उडतात. दुपार टळल्यावर पोहोचलात तर रात्र मालेत काढा, नाहीतर स्पीडबोटीने जाता येईल असंच रिसॉर्ट निवडा. त्यात काही रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणून बोटीची वेळ ठरवताना कुठल्या घड्याळाने ते मी दरवेळी लेखी विचारून घेते.

ॲपमध्ये विमानाचा प्रकार निवडायची सोय आणि दोन्हीकडची स्थानिक वेळ आली, तर मी पैसे मोजूनही ते घेईन.

आणि शोधताना शहराचं नाव टाकू नका. रियुनियनसाठी तिथल्या राजधानीचं नाव 'सेंट डेनिस' लिहिलं की ॲप पॅरिसशेजारचं सेंट डेनिस उचलतं आणि अंतर हजारो किलोमीटरवर जातं. विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका: रियुनियनचा आरयूएन, मॉरिशसचा एमआरयू.