लुई व्हिटॉनची बॅग की अख्खं बिऱ्हाड? नव्या कोचवर सीझन तिकिटाचे पैसे लावण्याआधी

व्हर्जिनियातल्या एका मित्राचा मेसेज आला. पोरगा व्हर्जिनिया टेक कॉलेजला आहे, तिथे अमेरिकन फुटबॉलला जेम्स फ्रँकलिन नवा हेड कोच आलाय, स्टाफ बदलतोय, निम्मी टीम बदलतोय म्हणे, तर आम्हा दोघांची सीझन तिकिटं काढून टाकू का एक वर्ष थांबून बघू? आता मी राहतो इंडियानापोलिसला, ब्लूमिंग्टन, म्हणजे इंडियाना युनिव्हर्सिटीचं गाव, इथून गाडीने तासाभरावर, आणि नवा कोच आल्यावर काय होऊ शकतं याचं जे काही आम्ही गेली दोन वर्षं बघितलंय ते तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर त्याला आम्ही पाणी प्यायला दिलं असतं. त्यामुळे दोन ओळींत उत्तर जमलं नाही, इथेच लिहितो, अजून कोणाला उपयोगी पडलं तर पडलं.

आपल्याकडे म्हणतात ना, भाकरी फिरवली नाही तर करपते. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलमध्ये दर डिसेंबरला डझनावारी भाकऱ्या फिरतात. पूर्वी नवा कोच आला की त्याला जुनीच पोरं घेऊन तीन-चार वर्षं घासावी लागायची. पण आता खेळाडू ट्रान्सफर पोर्टलमधून कॉलेज बदलून लगेच दुसरीकडे खेळू शकतात, 2021 पासून नाव-चेहरा विकून पैसेही कमवू शकतात आणि 2025 पासून तर कॉलेजच थेट पैसे देतं, त्यामुळे एका हिवाळ्यात टीम अक्षरशः मुळापासून बदलता येते. म्हणून "आमच्या कोचने सगळं साफ केलं" ही बातमी आता बातमी राहिलेली नाही. साफ सगळेच करतात. साफ केल्यावर घरात काय आणून ठेवतात ते बघायचं.

तुलनेला दोन घरं घेऊ. एक कोलोरॅडो, तिथे डिसेंबर 2022 मध्ये डिऑन सँडर्स आला. दुसरं आमचं इंडियाना, तिथे नोव्हेंबर 2023 च्या शेवटच्या दिवशी कर्ट सिग्नेटी आला. दोन्ही टीम तेव्हा गाळात. कोलोरॅडो 1-11 (एक जिंकली, अकरा हरल्या), इंडियाना 3-9. इंडियानाचं तर काय सांगायचं, बिग टेन या त्यांच्या लीगचं तोवरचं शेवटचं टायटल 1967 चं, बोल गेम, म्हणजे सीझनअखेरची मानाची मॅच, शेवटची जिंकलेली 1991 ला. 2023 मध्ये मला कोणीतरी फुकट तिकीट दिलं होतं, पार्किंगमध्ये टेलगेटला, म्हणजे मॅचआधीच्या खाण्यापिण्याला, ही गर्दी आणि आत गेलो तर बाकडी रिकामी, लोक बाहेर बर्गर भाजत बसलेले, मॅच हा जोडधंदा.

पुढचे आकडे शेजारी ठेवून बघा. कोलोरॅडो: 4-8, मग 9-4, मग 3-9. इंडियाना: 11-2, मग 16-0 आणि जानेवारी 2026 मध्ये मायामीला 27-21 हरवून नॅशनल चॅम्पियन. हो, इंडियाना. मला अजूनही टाईप करताना कसंतरीच होतं.

मग इंडियानासारखा कोच आला तर तिकीट काढा, कोलोरॅडोसारखा आला तर नको, एवढं सोपं आहे का? नाही, कारण पहिल्या महिन्यात दोघंही सारखेच दिसत होते. दोघंही लहान कॉलेजांमध्ये भरपूर जिंकून आलेले, सँडर्स जॅक्सन स्टेटला 27-6, सिग्नेटी जेम्स मॅडिसनला शेवटच्या सीझनला 11-1. दोघंही तोंडाने फटकळ. सँडर्स पहिल्याच मीटिंगमध्ये पोरांना म्हणाला की मी माझं सामान घेऊन येतोय आणि ते लुई आहे, म्हणजे भारीतलं, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पोर्टल गाठा. त्याचा व्हिडिओ अख्ख्या देशाने बघितला. सिग्नेटीला पत्रकारांनी विचारलं की खेळाडूंना इथे यायला पटवतोस कसा, तर म्हणाला, मी जिंकतो, गूगल करा. तेव्हा आम्ही इथे हसलो होतो, आणखी एक बडबड्या आला म्हणून. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

फरक होता तो सामानात.

सँडर्सचं सामान खरंच लुई होतं. मुलगा शेडूर क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणारा, सोबत ट्रॅव्हिस हंटर, जो बॉल पकडायचाही आणि अडवायचाही, असा खेळाडू पिढीत एखादा. पन्नासपेक्षा जास्त ट्रान्सफर आले, जुने स्कॉलरशिपवाले उरले दहाच्या आसपास. स्टाफही नावाजलेला, ऑफेन्सला, म्हणजे गुण मिळवणाऱ्या बाजूला, शॉन लुईस, जो केंट स्टेटची हेड कोचची खुर्ची सोडून आला, डिफेन्सला, म्हणजे अडवणाऱ्या बाजूला, अलाबामाहून चार्ल्स केली. कागदावर एकेक हिरा. पण ही माणसं सँडर्सच्या जुन्या घरची नव्हती, प्रत्येकाची पद्धत वेगळी, आणि पहिल्याच सीझनला नोव्हेंबरमध्ये लुईसच्या हातून प्ले, म्हणजे पुढची चाल, ठरवायचं काम काढून स्टाफमधल्याच पॅट शर्मरला दिलं. सीझन संपला आणि लुईस सॅन डिएगो स्टेटला गेला, केली ऑबर्नला. म्हणजे एका वर्षात दोन्ही कोऑर्डिनेटर, ऑफेन्स-डिफेन्सचे प्रमुख, बाहेर. त्या वर्षी शेडूरला 52 वेळा पाडलं होतं, कारण क्वार्टरबॅकपुढची लाईनच कच्ची, आणि लाईन ही अशी गोष्ट आहे की पाच जण एकमेकांशेजारी महिनोन्महिने उभे राहिल्याशिवाय ती घडी बसत नाही, किती का भारी पोरं आणा.

त्याच वर्षीची स्टॅनफर्डची मॅच आठवते का कोणाला? हाफटाईमला कोलोरॅडो 29-0 ने पुढे, मी झोपायला गेलो, सकाळी उठून बघतो तर 46-43 ने हरले. एकदा हरणं वेगळं. 29 ची आघाडी घालवणं म्हणजे आत काहीतरी बांधलेलंच नाही.

सिग्नेटीने आणलं बिऱ्हाड. म्हणजे आपले लोक गाव बदलताना कसे तवा, पोळपाट, देवघर सगळं टेम्पोत टाकून निघतात तसं. डिफेन्सचा ब्रायंट हेन्स, ऑफेन्सचा माईक शॅनहॅन, व्यायामवाला डेरेक ओविंग्ज, स्पेशल टीम्सचा, म्हणजे किकिंगचा, ग्रँट केन, सगळे जेम्स मॅडिसनचे. वर तिथलेच 13 खेळाडू. तेव्हा इथले जाणकार नाकं मुरडत होते की दुय्यम दर्जाच्या लीगमधली पोरं ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य टीमपुढे काय टिकणार. पण या पोरांना प्लेची नावं पाठ, कोचच्या भुवया पाठ, आणि इंडियानाच्या जुन्या खेळाडूंना काही शिकवायचं तर कोचने तोंड उघडायची गरज नाही, शेजारचा पोरगाच सांगतो की इथे असं चालत नाही. याला मी खरं स्टँडर्ड म्हणतो. फळ्यावर लिहिलेलं नाही, शेजारी उभं असलेलं.

आणि एक गोष्ट फार कोणी बोलत नाही. त्याने जुना स्टाफ सरसकट झाडला नाही. आधीच्या कोचच्या काळातला ऑफेन्सिव्ह लाईनचा कोच बॉब बॉस्टॅड, त्याला ठेवला. सगळं बिऱ्हाड आणलं पण घरातली चालू चूल काढून फेकली नाही. माझ्या मते पहिल्या वर्षातला हा त्याचा सगळ्यात शहाणा निर्णय, आणि कोलोरॅडोला तेव्हा नेमकी याच ठिकाणी गळती लागली होती.

बरं, शिस्तीचं बघू. सँडर्सकडे शिस्त नव्हती असं अजिबात नाही. मीटिंगला वेळेवर या, नीट कपडे घाला, जर्सीचा नंबरसुद्धा कमावावा लागेल, असं सगळं होतं आणि ते कॅमेऱ्यावरही होतं. सिग्नेटीकडे बघण्यासारखं काहीच नाही. प्रॅक्टिस छोट्या, उगाच एकमेकांना आपटणं कमी, व्हिडिओ बघणं जास्त. खेळाडू घेताना तो पुढे काय होऊ शकेल हे बघत नाही, मागे काय करून दाखवलंय ते बघतो. आणि पहिल्या प्लेपासून शेवटच्या प्लेपर्यंत स्कोअर काही का असेना, सारखंच खेळायचं. ऐकायला हे कुठल्याही कंपनीच्या भिंतीवरचं पोस्टर वाटतं ना? मलाही वाटायचं. मग 30 नोव्हेंबर 2024 ला पर्ड्यूची मॅच बघायला गेलो. शेजारचं कॉलेज, जुनं वैर, कडाक्याची थंडी, हातमोज्यांवर हातमोजे. आमचे 66 झाले, त्यांचे शून्य. स्टेडियममध्ये लोक नाचतायत, माझ्या शेजारचे एक आजोबा डोळे पुसतायत, आणि मोठ्या स्क्रीनवर सिग्नेटी दाखवला तर चेहरा असा की जणू आत्ताच विजेचं बिल हातात पडलंय. आपल्या मुंबई क्रिकेटवाल्यांनी ज्याला खडूस म्हटलं असतं, अगदी तसा. त्या दिवशी पार्किंगमध्ये कोणी बर्गर भाजत बसलं नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

पण माझ्या हिशोबाने खरी परीक्षा वेगळीच आहे. हुकमी एक्का निघून गेला की काय होतं? दोघांवरही ती वेळ आली. कोलोरॅडोचं 2024 खरंच सुंदर होतं, 9-4, हंटरला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, उगाच नावं ठेवायचं कारण नाही, 1-11 वाल्या टीमसाठी दोन वर्षांत हे खूपच होतं. मग शेडूर आणि हंटर एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, गेले आणि पुढच्या वर्षी 3-9. इंडियानाचा 2024 चा क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क, तोही गेला. त्याच्या जागी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा आला आणि टीम आणखी चांगली झाली, हाइझमन त्याला मिळालं. खेळाडू बदलला, शिकवणारे हात तेच राहिले (क्वार्टरबॅक कोच मात्र बदलला होता, तरी). प्लेऑफमध्ये ओरेगॉनविरुद्ध पहिल्याच प्लेला बॉल पळवून टचडाऊन करणारा डीअँजेलो पाँड्स जेम्स मॅडिसनच्या बिऱ्हाडातला. फायनलला मायामीची पंट, म्हणजे बॉल लांब पाठवणारी किक, अडवणारा मिकाइल कमाराही त्याच टेम्पोतून आलेला. नाकं मुरडणारे आता कुठे आहेत विचारू नका.

पैशाचं थोडक्यात, कारण त्यात दोघं उन्नीस-बीस. कोलोरॅडोने सँडर्सला आधी पाच वर्षांचे 2.95 कोटी डॉलर आणि 2025 ला वाढवून पाच वर्षांचे 5.4 कोटी दिले. इंडियानाने आधीच्या कोचला नुसतं घरी बसायला दीड कोटीच्या वर मोजले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सिग्नेटीशी आठ वर्षांचा साधारण 9.3 कोटींचा करार केला. म्हणजे स्वस्तात कोणीच घडत नाही. फरक एवढाच की इंडियानाने कोऑर्डिनेटरही टिकवले, हेन्स आणि शॅनहॅन दोन्ही सीझन जागेवर.

आता एक कबूल करतो. तुम्हाला शनिवारी दुपारी मजा हवी असेल, जिंकण्या-हरण्याचं एवढं काही नसेल, तर कोलोरॅडोवाला कोच वाईट नाही. 2023 ला त्यांच्या घरच्या सगळ्या मॅचेस हाऊसफुल्ल होत्या, 4-8 असूनही. बोल्डरला, म्हणजे कोलोरॅडोच्या गावी, राहणारी माझी एक मैत्रीण, जिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, ती त्या वर्षी ओरडून ओरडून घसा बसवून घ्यायची, आणि तिला आजही त्या तिकिटांचे पैसे वाया गेले असं वाटत नाही. तमाशाचं तिकीट काढलं तर तमाशा बघायला मिळाला, तक्रार कसली.

तर येतो व्हर्जिनिया टेकवर. 2025 ला तेही 3-9, म्हणजे सिग्नेटी आला तेव्हाच्या इंडियानाएवढेच गाळात. फ्रँकलिन पेन स्टेटला बारावं वर्ष चालू असताना ऑक्टोबरमध्ये निघाला, नोव्हेंबरात इथे आला. तो सिग्नेटी नाही, मोठ्या मॅचला कच खातो असं त्याच्याबद्दल पेन स्टेटवाले दातओठ खात सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही. पण त्याचं सामान बघ. डिफेन्सला त्याने आणलाय ब्रेंट प्राय. तोच प्राय ज्याला व्हर्जिनिया टेकनेच सप्टेंबरमध्ये हेड कोच म्हणून काढलं होतं! काढलेला मालक त्याच घरात भाडेकरू म्हणून परत, असली गोष्ट मी तरी आधी पाहिली नव्हती. ऐकायला विचित्र वाटतं, पण प्राय आधी व्हँडरबिल्टला आणि पेन स्टेटला वर्षानुवर्षं फ्रँकलिनच्याच हाताखाली होता, दोघांना एकमेकांच्या सवयी पाठ, शिवाय जुनी पोरं त्याच्या ओळखीची. पेन स्टेटकडे जाणार होती अशी शाळकरी पोरंही बरीच इकडे वळली. ही लुईची बॅग नाही, हे बिऱ्हाडच आहे. वर कॉलेजने खेळांवर चार वर्षांत 22.9 कोटी डॉलर जास्तीचे ओतायचं ठरवलंय, म्हणजे पुढच्या वर्षी हेन्ससारखा एखादा दुसरीकडे पळायला निघाला तर थांबवायला हातात काहीतरी असेल.

म्हणून मी त्याला लिहिलं, काढ दोघांची, पण यंदाचीच, आणि अकरा जिंकतील म्हणून नको काढूस. सात-आठवर समाधान मानायची तयारी ठेव. सप्टेंबरात स्कोअरकडे कमी बघ, ऑफेन्सिव्ह लाईनकडे जास्त बघ, क्वार्टरबॅक उठून कपडे झटकतोय की उभा राहून फेकतोय. आणि नोव्हेंबरमध्ये प्ले कोण ठरवतंय तेवढं बघ, सप्टेंबरवालाच असेल तर पुढच्या वर्षीची तिकिटं लवकर बुक कर.

त्याचा रिप्लाय आला, "ते सगळं ठीक आहे रे, पण आत डबा नेऊ देतात का?"

नाही देत बाबा. पारदर्शक पिशवीच न्यावी लागते, आतला भडंग लांबून दिसतो. गाडीतच खाऊन जा.