कौन्सिलची खुर्ची की संघटनेचं काम, काय घ्यावं?

भाची बी.एस्सी. सेकंड इयरला आहे. वर्गात पहिली आली म्हणून सरांनी तिला सीआर, म्हणजे वर्ग प्रतिनिधी, म्हणून स्टुडंट कौन्सिलवर ये म्हटलं, आणि त्याच आठवड्यात मैत्रिणी म्हणतात विद्यार्थी संघटनेत चल. मामा, काय करू, असा फोन आला. मी दोन्ही करून पाहिलंय, २००७-०८ मध्ये इथेच नागपुरात, त्यामुळे जे पाहिलं ते सांगतो, तुमच्या कॉलेजात वेगळं असू शकते.

ही मार्कांवरची नेमणूक आली कुठून हे आधी. पूर्वी कॉलेजच्या निवडणुका थेट व्हायच्या, मग मारामाऱ्या वाढल्या, राज्यात खुनापर्यंत गोष्टी गेल्या, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं सरळ मतदानच काढून टाकलं. वर्गात पहिला येईल तो सीआर, शिवाय खेळ, एनएसएस, एनसीसी, कल्चरलचे एकेक, आणि हेच आपसात सेक्रेटरी निवडणार. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणूक परत आली खरी, २०१९ ला घ्यायचं ठरलंही, पण विधानसभा निवडणूक आली म्हणून पुढे ढकलली. भाचीच्या कॉलेजात तरी अजून नेमणूकच आहे.

कौन्सिलचे फायदे आहेत, नाही म्हणत नाही. प्राचार्य नावानं ओळखतात, गॅदरिंग उभं करायला शिकता, अभ्यास बुडत नाही.

मला जे खटकलं ते एकच, पण त्यानंच माझं ठरलं. आमची रीडिंग रूम पाच वाजता बंद व्हायची. कामठी, उमरेड, हिंगण्याची पोरं घरी जाऊन अभ्यास कुठे करणार, एका खोलीत पाच जण राहतात, म्हणून परीक्षेच्या महिन्यात ती आठपर्यंत उघडी ठेवा एवढंच मागणं होतं. मीटिंगचा अजेंडा ऑफिसातून तयार होऊन यायचा, त्यात आमचा विषय कधीच नसायचा, तो पडायचा शेवटच्या ओळीत, "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". पाऊण तास गॅदरिंगचा पाहुणा आणि मंडप यावर जायचा आणि ऐनवेळ यायची तेव्हा पुढच्या तासाची बेल झालेली असायची. चार मीटिंगा अशाच गेल्या. वाईट याचं वाटलं की वर्गातल्या कुणीही मला विचारलं नाही की काय झालं बा त्याचं. विचारणार काहून, त्यांनी मला निवडलंच नव्हतं.

मग मी संघटनेच्या पोरांसोबत कॅन्टीनमध्ये बसून सह्या गोळा केल्या, आठवडाभर. रोज कुणीतरी थांबवून विचारायचं, पुढे काय झालं, आणि त्या विचारण्यानंच मला परत ऑफिसात जावं लागायचं. शेवटी साडेसातपर्यंत रूम उघडी राहिली.

आता संघटनेचा त्रासही सांगतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन लागलं की मोर्चाला माणसं हवी असतात, तुमच्या कॉलेजशी ज्याचा संबंध नाही अशा विषयावरही मोर्चे अडवतात त्या मॉरिस कॉलेज टी पॉईंटला उन्हात उभं राहावं लागते, माझे त्या सेमिस्टरचे इंटर्नलचे मार्क त्यातच गेले. वरून आलेला आदेश मानायचा नसेल तर आधीच स्पष्ट सांगून ठेवा.

निवडणूक म्हटली की मारामारी, असं आमच्या घरी अजून म्हणतात. भीती खोटी नाही, पण विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनं २००६ मध्येच त्यावर उपाय सुचवले होते, उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५,००० रुपये, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टर बंद, आणि सुप्रीम कोर्टानं ते लागू करायला सांगितले. नियम असताना मतदानच नको म्हणणं मला पटत नाही.

ज्याला अभ्यास सांभाळून थोडा अनुभव हवा त्याला कौन्सिल बरं. पण एखादा प्रश्न खरंच मनाला लागला असेल तर मी आजही सह्यांचा कागद घेऊन कॅन्टीनमध्येच बसेन. भाचीला तेच सांगितलं, आणि हेही की खुर्ची घ्यायचीच असेल तर मीटिंगच्या आठ दिवस आधी विषय लेखी दे आणि कॉपीवर ऑफिसचा आवक नंबर आणि शिक्का घे. मी तेवढं केलं नव्हतं.